भाऊंकडे उरलेला शब्द

आमचं धुळ्याचं घर म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, मागे मोरी आणि पुढे रस्त्याला लागून ओटा. पलीकडच्या भिंतीला खेटून यंत्रमागाचा कारखाना होता. त्याची खटखट सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत चालूच. आम्हाला तिची इतकी सवय झालेली की माग बंद असले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, वाटी खाली ठेवली तरी तिचा आवाज मोठा वाटायचा. त्या खटखटीतूनही माझ्या मायला एक आवाज नेमका ऐकू यायचा, भाऊंच्या सायकलच्या घंटीचा. भाऊ म्हणजे माझे वडील. गल्लीच्या तोंडाशी घंटी वाजली की ओट्यावर भाजीवालीशी चाललेलं मायचं बोलणं मध्येच कूस बदलायचं. 'ताजा शेतस ना व माय ह्या वांगा?' असं विचारत असलेली माय एकदम 'बरं, अर्धा किलो द्या' वर यायची, आणि भाजीवाली, जी तिच्याच माहेरच्या बाजूची होती, पदराआड हसायची.

भाऊंना घरात अहिराणी चालत नसे. ते नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. घरची शेती त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे नाना, बघायचे आणि शिकलेले तेवढे भाऊ एकटे. कॉलेजात पहिल्याच वर्षी कोणीतरी त्यांना घर कुठं आहे असं विचारलं आणि हे 'नरडाणाना जोडे शे' म्हणाले. त्यावर वर्ग इतका हसला की पुढची दोन वर्षं मुलं त्यांना 'शे' म्हणूनच हाक मारत. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं, तेही हसत, पण त्यानंतर लगेच उठून ते मोरीत पाय धुवायला गेले. घरात कोणाच्या तोंडून 'शे' निघालं की भाऊ मान वर न करता म्हणत, 'आहे. शे नाही, आहे.' नाना गावाहून आले की दोघे भाऊ ओट्यावर बसत, नाना अहिराणीत बोलत आणि भाऊ पुस्तकी मराठीत उत्तरं देत. नानांना त्याचं काही वाटत नसे. 'मास्तरनी जीभ शे ती,' एवढंच म्हणायचे.

भाऊ इंग्रजी शिकवत. मराठी शाळांत इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं आणि दहावीत येईपर्यंत बहुतेकांचं ते होत नसे. खेड्यातून सायकलवर येणारी पोरं गणितात पुढे असत आणि इंग्रजीत आडवी पडत. त्या पोरांसाठी भाऊंनी स्वतःची एक रीत काढली होती. वर्गात शिरायचे, कोणाच्या तरी बाकावरची वस्तू उचलायचे, टोपी, कंपास, कधी भाकरीचं फडकंसुद्धा, ती डोक्याच्या वर धरायचे आणि खड्या आवाजात विचारायचे, 'हूज कॅप इज धिस?' सगळ्या वर्गानं एका सुरात म्हणायचं, 'इट इज सुनील्स कॅप, सर.' मग ते नुसती भुवई उडवत. ती उडाली की दोन वाक्यं जोडायची असत: 'द बॉय हूज कॅप इज इन युवर हॅण्ड इज सुनील, सर.' पोरांनी त्यांचं नावच 'हूजसर' ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं.

मी दहावीला त्यांच्याच वर्गात होते. घरी भाऊ, वर्गात सर. त्यांनी शिकवलेलं मला अजून आठवतं. 'मराठीत किती हाल आहेत बघा,' ते म्हणत. 'कोणाचा सदरा, कोणाची टोपी, कोणाचं दप्तर, कोणाचे बूट. इंग्रजाला ही कटकटच नाही. बाई असो, बुवा असो, एक असो, शंभर असोत, हूज म्हटलं की भागलं. माणसाला हू लागतो, वस्तूला विच लागतं, पण हूज मात्र दोघांना चालतो. ज्याचं छप्पर उडालं ते घर, तिथेही हूजच.' मग फळ्यावर दोन शब्द शेजारी लिहीत, एक जोडून आणि एक वर टिंब दिलेला. ऐकायला दोन्ही सारखेच. एक 'कोणाचं' आणि दुसरा 'कोण आहे'. 'कानाला फरक कळत नाही,' ते म्हणत, 'बाकीचं वाक्य ऐकलं तरच कळतं. म्हणून वाक्य पुरतं ऐकायचं, अर्ध्यावर हात वर करायचा नाही.'

रविवारी घरी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा असायचा, थंडीत भरीत. वांगी माय ओट्यावरच काट्यांच्या जाळावर भाजायची, त्या वासानं शेजारची पोरं येऊन उभी राहायची. अशाच एका रविवारी भाऊ रंगात होते. टोपल्यातली भाकरी उचलून त्यांनी वर धरली आणि मायकडे बघत म्हणाले, 'हूज भाकर इज धिस?' माय चुलीपुढं घामाघूम. तिला काय विचारलंय ते तिनं सुरावरूनच ओळखलं असावं. 'मनी,' ती म्हणाली, 'आनि गुमान खा.' भाऊ हसता हसता ठसकले. त्या दिवशी त्यांनी 'मनी'चं 'माझी' करून दुरुस्त केलं नाही.

माझ्या दहावीच्याच वर्षी दिवाळीची सुटी संपून शाळा सुरू झाली होती. सकाळी नळाला पाणी यायचं तेव्हा भाऊ बादल्या भरून देत. त्या सकाळी बादली भरून वाहायला लागली तरी कोणी नळ बंद करेना, म्हणून माय आतून ओरडली. मी मोरीत गेले तर भाऊ भिंतीला पाठ लावून बसले होते, उजवा पाय लांब पसरलेला, आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. डोळे उघडे होते. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण नुसती हवा बाहेर येत होती. नळ तसाच चालू होता. आधी नळ बंद करू की त्यांना धरू, हे मला कळेना, आणि मी आधी नळ बंद केला. कारखान्यातले दोन कामगार धावत आले, त्यांनी भाऊंना उचलून टांग्यात घातलं.

दवाखान्यात ते बरेच दिवस होते. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, उजवा हात-पाय थोडा सुधारेल, वाचेचं सांगता येत नाही. माय सगळं ऐकून घ्यायची आणि डॉक्टर गेले की मला विचारायची, 'काय म्हने तो?' मी सांगायचे, 'सुधारेल म्हणाले.' एका दुपारी नर्सबाईंनी खाटेखालून आमची डब्याची पिशवी ओढली आणि चुकून शेजारच्या खाटेपाशी ठेवली. भाऊंनी डावा हात उचलला, पिशवीकडे बोट केलं आणि स्पष्ट, अगदी वर्गातल्यासारखं म्हणाले, 'हूज?'

माय उभी राहिली. मी रडायलाच लागले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून धावत बाहेर जाऊन सांगून आली की मास्तर बोलले, आणि तेही इंग्रजीत बोलले. नाना त्या दिवशी गावाहून आलेच होते. ते तसेच बाजारात गेले आणि पेढे घेऊन आले, आख्ख्या वॉर्डात वाटले, भाऊंच्याही ओठाला एक लावला. नानांनी विचारलं, 'कसं वाटस रे भो आते?' भाऊ त्यांच्याकडे बघून म्हणाले, 'हूज.' मी विचारलं, 'भाऊ, पाणी देऊ?' भाऊ म्हणाले, 'हूज.' नानांच्या हातात पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. भाऊंनाही त्याच क्षणी ते कळलं असावं. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताणल्या, काहीतरी दुसरंच आणायचा जिवापाड प्रयत्न केला, आणि आलं ते तेच. मग त्यांनी डाव्या हातानं स्वतःचं तोंड झाकून घेतलं.

आता मला माहीत आहे की असं होतं. मेंदूला इजा झाली की कधी कधी एखादाच शब्द शाबूत राहतो, बहुतेक रोजच्या वापरानं गुळगुळीत झालेला, आणि माणसाला आतून सगळं कळत असलं तरी बाहेर तोच येतो. आज वाचा-उपचार करणारे लोक असतात, चित्रांची कार्डं असतात. मध्यंतरी जळगावात माझ्या ओळखीच्या एका बाईंना महिन्याभरात वीस-पंचवीस शब्द परत आलेले मी पाहिले. तेव्हा आमच्या धुळ्यात यातलं कोणाला काही ठाऊक नव्हतं. लोकांनी आपापले उपाय सांगितले. जामनेरकडे लकव्यावर तेल देणारा एक माणूस होता, त्याच्याकडे आम्ही एसटीनं गेलो. जळगावच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. आम्ही बाकावर बसलो होतो तर एक माणूस आमच्या शेजारी गाठोडं टाकून कुठंतरी निघून गेला. भाऊ त्या गाठोड्याकडे बोट करून जवळून जाणाऱ्या कंडक्टरला म्हणाले, 'हूज?' कंडक्टरनं गंभीरपणे गाठोडं पाहिलं आणि म्हणाला, 'माझं नाही, साहेब. चौकशीत विचारा.' भाऊंचा चेहरा उजळला. त्या सगळ्या महिन्यांत त्यांच्या प्रश्नाला बाहेरच्या माणसाकडून मिळालेलं ते एकच सरळ उत्तर असेल. तेलाचा काही उपयोग झाला नाही.

घरी आल्यावर आम्ही तो शब्द शिकायला लागलो. वर चढणारा असला की कोणी आलंय. तुटक असला की कंटाळा. लांबवलेला, शेवटी हवा सोडलेला असला की पाणी. मी यात मायपेक्षा हुशार ठरले, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघायचे: 'शैला, काय म्हणताहेत?' मी सांगायचे. बरोबर निघालं की भाऊ डोळे मिटून मान हलवत, चूक निघालं की तोच शब्द पुन्हा, जरा मोठ्यानं. एक दिवस मायनं मला मोरीजवळ बोलावलं. ती चौथीपर्यंत शिकलेली. 'इतलं इंग्रजी शिकेल मानूस,' ती म्हणाली, 'नि देवनी एकच शब्द ठेवा. काय अर्थ शे त्याना?'

'कोणाचं,' मी म्हटलं.

'कोनं? काय कोनं?'

'नुसतंच कोणाचं. पुढं काहीतरी लागतं त्याला.'

ती हात पुसून आत गेली. त्यानंतर भाऊंनी 'हूज' म्हटलं आणि आमच्यापैकी कोणालाच काही उमगलं नाही की माय त्यांच्या पायाशी बसायची आणि म्हणायची, 'तुमनंच शे. बठ्ठं तुमनंच शे,' सगळं तुमचंच आहे. कधी त्यानं ते शांत व्हायचे, कधी अजून चिडायचे. एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नव्हती, आता येते. भाऊ पडल्यापासून घरात अहिराणी परत आली होती. माय उघड बोलायची, नाना बोलायचे, मीही अधूनमधून बोलायला लागले होते. ते दुरुस्त करणारा माणूस समोर खाटेवर बसून ऐकत होता. त्याला ते खुपत होतं की बरं वाटत होतं, हे आम्हाला विचारताही येत नव्हतं.

संक्रांतीनंतर हेडसर घरी आले. ते भाऊंपेक्षा वयानं मोठे, मऊ बोलणारे, हातात छत्री नसली तर काय करावं ते न सुचणारे गृहस्थ. चहा झाला. ते म्हणाले, 'वहिनी, संचालक मंडळ विचारतंय. मी आजवर रजा पुढं ढकलत आणली. दहावीचा वर्ग आहे, दुसरा शिक्षक द्यावा लागेल. आणि एकदा दुसरा आला की...' माय दाराच्या चौकटीला धरून उभी होती. भाऊंदेखत ती हेडसरांशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, आणि शुद्ध बोलायचा प्रयत्न करत बोलली. 'साहेब, एकदा त्यांना वर्गात उभं करा. वर्ग पाहिला की बोलतील. इथं खाटेवर कोणाशी बोलतील ते? पोरं समोर पाहिजेत.' हेडसर माझ्याकडे बघायला लागले, जणू मी हो किंवा नाही म्हणणार होते. भाऊंनी डाव्या हातानं खाटेचा कठडा पकडला आणि उठून उभे राहिले. 'हूज,' ते म्हणाले. त्याचा अर्थ कोणालाही कळला असता.

तो दिवस मायनं सणासारखा केला. धोतर-कोटाला इस्त्री, टोपी, कपाळाला बुक्का. सायकलरिक्षातून आम्ही तिघं शाळेत गेलो. माय फाटकाशी थांबली, तिला आत यायचा धीर होईना. मी वर्गात जाऊन मुलींच्या बाकावर बसले. सगळ्यांना माहीत होतं. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं. हेडसर मागच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले. वर्गातल्या युवराजनं आणि आणखी एका मुलानं भाऊंना दारापर्यंत आणलं आणि तिथं भाऊंनी त्यांचे हात सोडवले. उजवा पाय ओढत ते एकटे टेबलापर्यंत चालत गेले. वर्ग उभा राहिला. 'गुड मॉर्निंग, सर.' भाऊंनी डावा हात खाली केला, म्हणजे बसा. मग पहिल्या बाकावरचा कंपास उचलला, डोक्याच्या वर धरला आणि म्हणाले, 'हूज?'

मग मागून युवराज उठला. तो शिंदखेड्याकडचा, दोनदा नापास झालेला, भाऊंच्या हातचा सगळ्यात जास्त मार खाल्लेला. 'इट इज सुनील्स कंपास, सर,' तो म्हणाला. भाऊंची भुवई उडाली. ती भुवई शाबूत होती. आता आख्खा वर्ग म्हणाला, 'द बॉय हूज कंपास इज इन युवर हॅण्ड इज सुनील, सर!' भाऊ बाकांच्या मधून चालायला लागले. टोपी: 'हूज?' पुस्तक: 'हूज?' एका मुलीची वेणी नुसती बोटानं दाखवली: 'हूज?' पोरं हसली, तीही हसली, आणि उत्तर आलं. आवाज दर वेळी चढत गेला. मी मागे वळून पाहिलं. हेडसर खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते आणि त्यांचेही ओठ वर्गाबरोबर हलत होते. मला वाटलं, मायचं खरं झालं. काय हरकत होती? आयुष्यभर ते हेच तर करत आले होते.

मग भाऊ फळ्याकडे वळले. पुढचा धडा तिथं होता. त्यांनी डाव्या हातात खडू घेतला आणि फळ्यावर टेकवला. एक वाकडी रेघ आली, खाली घसरली. त्यांनी ती हातानं पुसली, पुन्हा टेकवला, पुन्हा रेघ. ते आमच्याकडे वळले. त्यांना समजावून सांगायचं होतं. ते जे काही होतं ते सगळं त्यांच्या डोळ्यांत येऊन उभं होतं, आणि तोंडातून आलं, 'हूज.' वर्गाला वाटलं, अजून विचारताहेत. सुनीलनं आपली पट्टी वर केली. भाऊंनी मान हलवली. 'हूज. हूज.' कोणी दप्तर उचललं, कोणी टोपी काढून धरली, कोणी डबा. सगळ्या वर्गानं आपापली वस्तू वर धरली होती, 'धिस, सर? धिस, सर?' करत, आणि भाऊ मध्ये उभे राहून मान हलवत होते, नाही, नाही, हे नाही. पोरांची काही चूक नव्हती. ती त्यांना मदत करत होती.

शेवटी भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. घरी सगळे बघायचे तसंच. पोरांनी वर धरलेल्या वस्तू खाली घेतल्या. मी उभी राहिले. 'हूज?' त्यांनी मला विचारलं, सावकाश, मला नीट ऐकू यावं म्हणून. मला वाक्यच ऐकायला आलं नव्हतं. त्यातला एक शब्द आला होता. बाकीचं त्यांच्याकडेच अडकलं होतं. बाहेर शिपायानं घंटा दिली. हेडसर पुढं आले, त्यांनी भाऊंच्या मुठीतून खडू सोडवून घेतला, खिशातला रुमाल काढला आणि भाऊंचं एकेक बोट पुसलं, जसं लहान मुलाचं पुसतात. पोरं उभी होती. कोणी बाहेर गेलं नाही.

फाटकाशी मायनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. रिक्षात भाऊंची टोपी सरकली होती, ती तिनं नीट केली.

नोकरी गेली ती कोणी काढून घेतली असं नाही, ती नुसती थांबली. नाना म्हणाले गावाला चला. माय म्हणाली, पोरीची परीक्षा होऊ द्या. तिनं शेजारणींच्या बिबड्या-पापडांची कामं धरली. उन्हाळा चढला तसा आमचा ओटा ज्वारीच्या बिबड्यांनी भरून गेला आणि घरभर त्या आंबूस चिकाचा वास बसला. मी दहावी दिली. इंग्रजीच्या पेपरात वाक्यं जोडा असा प्रश्न होता, ती मी जोडली. पुढं जळगावला शिकले आणि तिथंच विमा कचेरीत नोकरीला लागले. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच उन्हाळ्यातल्या एका दिवसाचं, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, थोडं आधीचं.

त्या सकाळी भाऊ उठले ते 'हूज' म्हणतच. हा सूर आम्ही ओळखत नव्हतो. पाणी नव्हे, चहा नव्हे, मोरी नव्हे. मी रेडिओ लावला, त्यांनी हातानं बंद करायला लावला. चष्मा दिला, वर्तमानपत्र दिलं, देवाची तसबीर काढून दिली. त्यांचा हात कुठंतरी बाहेर, भिंतीपलीकडे जात होता. नाना आलेले होते. ते म्हणाले, 'गावले जानं शे का रे?' नाही. 'शाळामा?' नाही. तरी नानांनी रिक्षा आणली आणि आम्ही त्यांना आख्ख्या धुळ्यातून फिरवलं. बंद शाळा दाखवली, पांझरेचं कोरडं पात्र दाखवलं, स्टँड, बाजार, त्यांच्या मित्राचं दुकान. प्रत्येक ठिकाणी नाना उतरून विचारायचे, 'आठे का? आठे?' आणि भाऊ मान हलवायचे. ऊन असं होतं की डांबर चटके देत होतं. दुपारी घरी आलो तर पुन्हा तेच. मायनं ट्रंक उघडून एकेक कपडा काढून दाखवला. मी पुस्तकं दाखवली. त्यांनी डोकं भिंतीवर आपटून घेतलं, जोरात नाही, पण आपटलं, आणि मग मायनं आपलं डोकं त्यांच्या डोक्याच्या आणि भिंतीच्या मध्ये घातलं.

संध्याकाळी कोणात त्राण उरलं नव्हतं. नाना ओट्यावर जाऊन बसले, त्यांच्या खांद्यावरून मला कळलं की ते रडताहेत. घरातलं दूध उन्हानं नासलं होतं. मायला काय सुचलं कोण जाणे, तिनं खेड्यात करतात तसा गुळाचा कोरा चहा केला, पेल्यात ओतून आणला आणि भाऊंच्या तोंडाला लावला. भाऊ आयुष्यभर दुधाचा, कमी साखरेचा चहा पिणारे. एक घोट घेऊन ते थांबले. त्यांनी मायकडे पाहिलं, बिबड्यांच्या उन्हानं काळवंडलेला तिचा चेहरा, विस्कटलेले केस. मग दारातून नानांच्या पाठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि त्यांनी डोळे मिटून मान हलवली. हो. हेच.

'नाना, सापडनं!' माय ओरडली. 'च्या पाहिजे होता त्यासले! ल्हानपनना च्या!' नाना धावत आत आले. भाऊंनी पेला संपवला आणि रिकामा करून दाखवला. नाना हसत होते, डोळे पुसत होते, माय दुसरा पेला करायला उठलीसुद्धा. भाऊंचा तो चेहरा मला ठाऊक होता. कडू औषध घेताना ते तसंच करत. त्यांना हवं होतं ते मिळालं नव्हतं. ते आम्हाला सोडवत होते.

त्यानंतर भाऊ सात-आठ वर्षं होते. माय रोज संध्याकाळी त्यांना गुळाचा कोरा चहा द्यायची आणि ते रोज तो पीत. आल्यागेल्याला ती सांगायची, 'त्यासले हाऊच च्या लागस.' भाऊ गेल्यावर आखाजीला त्यांच्या नावानं घागर भरायला लागलो, तर पुरणपोळी आणि आमरसाच्या ताटाशेजारी मायनं त्या चहाचा पेला ठेवला. दर वर्षी ठेवायची. आता ती नाही. आखाजीला मी इथं जळगावात दोन घागरी भरते आणि तो चहा मीच करते. त्यांना काय हवं होतं ते मला अजून माहीत नाही, त्यामुळे दुसरं काही ठेवता येत नाही. गूळ मात्र मी जरा कमी घालते.